हद्द सरकते तेव्हा धंदेवाल्यालाही विचारा

बारामतीत निवडणूक लागली की प्रचाराचा पहिला नारळ आमच्या कन्हेरीच्या मारुतीपुढे फुटतो. पवार कुटुंबानं ही रीत वर्षानुवर्षं पाळली आहे. त्या दिवशी गावात गाड्यांची रांग लागते. पाण्यावर, उसावर, दुधाच्या दरावर भाषणं होतात आणि ती व्हायलाच हवीत. पण एक विषय मी त्या मंडपात कधी ऐकला नाही. गावाची हद्द बदलते, ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत येते किंवा गाव शेजारच्या शहरात सामील होतं, तेव्हा तिथे शेड टाकून, गाळा घेऊन धंदा करणाऱ्याचं काय होतं? आणि हे ठरण्याआधी त्याला कुणी विचारतं का?

मी पुठ्ठ्याची खोकी बनवते. इंदापूरकडचं डाळिंब, आमच्या भागातली द्राक्षं, शिवाय बेकरीवाल्यांच्या थोड्याफार ऑर्डरी. क्राफ्ट पेपरची रिळं येतात, मशीनवर त्यांना नळ्या पडतात, खळ लावून थर चिकटवले जातात, डाय-पंचिंग होतं आणि मग स्टिचिंग-पेस्टिंगला गावातल्याच बायका बसतात. आमचा खरा हंगाम जानेवारी ते एप्रिल. म्हणजे कागद नोव्हेंबर-डिसेंबरातच भरून ठेवावा लागतो आणि पेपर मिलवाले छोट्या युनिटला उधार देत नाहीत. त्यासाठी बँकेची कॅश क्रेडिट, म्हणजे सीसी लागते, आणि सीसीचं नूतनीकरण म्हटलं की कागदपत्रांची फाइल. हे आधीच सांगून ठेवते, कारण हद्द बदलल्याचा पहिला फटका याच फाइलीला बसतो.

आज माझं शेड कन्हेरीत घरच्या जागेत आहे. त्याआधी काही वर्षं ते जिल्ह्यातल्या दुसऱ्या एका गावात, भाड्याच्या जागेत होतं. मी तिथे असतानाच ते गाव ग्रामपंचायतीतून शहरी हद्दीत गेलं. गावाचं नाव लिहीत नाही. माझी तक्रार तिथल्या माणसांबद्दल नाही, हे काम ज्या पद्धतीनं केलं जातं तिच्याबद्दल आहे.

बँकेनं नेहमीप्रमाणे जागेचा चालू वर्षाचा कर आकारणीचा उतारा मागितला. ग्रामपंचायतीत त्याला नमुना ८ म्हणतात. जागामालक आबांना बरोबर घेऊन मी कार्यालयात गेले. ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणाले, "ताई, दप्तर वर गेलंय. आता माझ्या सहीला किंमत नाही." नव्या कार्यालयात गेले, तर आमच्या गावचे गठ्ठे एका कोपऱ्यात बांधलेले तसेच पडलेले. नोंदी संगणकावर चढल्याशिवाय उतारा निघणार नाही, असं सांगण्यात आलं. प्रशासक म्हणून ज्यांना नेमलं होतं त्यांच्याकडे त्यांच्या मूळ पदाचं काम होतंच. कुणी उद्धट बोललं नाही, कुणी पैसे मागितले नाहीत. पण उतारा हातात पडेपर्यंत डिसेंबर सरला होता. मला निम्मा कागद पेठेतल्या व्यापाऱ्याकडून चढ्या दरानं, उधारीवर उचलावा लागला, आणि त्या हंगामात पेस्टिंगच्या बायकांना मी आठवडाभर पुरेल एवढं काम देऊ शकले नाही. नगरपंचायत करायची की नाही याचा अहवाल तयार होतो तेव्हा त्यात लोकसंख्या असते, क्षेत्रफळ असतं, अंदाजे उत्पन्न असतं. त्या बायकांची बुडालेली हजेरी त्यात कुठल्या रकान्यात लिहायची?

आता कराकडे येते. यावर सगळ्यात जास्त आवाज होतो आणि त्यातलं गणित सगळ्यात कमी सांगितलं जातं. ग्रामपंचायतीची घरपट्टी आता भांडवली मूल्यावर निघते. डिसेंबर २०१५ मध्ये नियम बदलले, तेव्हापासून जमिनीचा रेडीरेकनर दर, बांधकामाचा प्रकार, इमारतीचं वय हे सगळं धरून आकारणी होते. वापराचा भारांकही असतो. राहत्या घराला १, कारखान्याला १.२०, दुकानाला १.२५. म्हणजे गावातसुद्धा धंदेवाला जास्तच भरतो, आणि त्याला माझी हरकत नाही. रस्ता आम्ही जास्त वापरतो, ट्रक आमच्याकडे येतात.

नगरपरिषद किंवा नगरपंचायत आली की १९६५ चा नगरपरिषद अधिनियम लागू होतो आणि आकारणीची रीत बदलते. तिथे बहुतेक ठिकाणी जागा वर्षाला किती भाड्यानं जाईल यावरून करयोग्य मूल्य काढतात. या एका फरकानं ओझं कुणाच्या खांद्यावर सरकतं बघा. गावातल्या राहत्या घराला भाडं असं फार येत नाही. रस्त्याकडेच्या गाळ्याला येतं, शेडला येतं, गोदामाला येतं. त्यामुळे वाढीचा मोठा वाटा धंद्याच्या जागेवर पडतो. त्यावर शिक्षण उपकर, आणि बिगरनिवासी इमारत असेल तर रोजगार हमी उपकर. थकलं तर दरमहा २ टक्के शास्ती, म्हणजे वर्षाला २४ टक्के. माझी सीसी याहून बरीच स्वस्त आहे. आणि भाडेकरारात "सर्व कर भाडेकरूने भरावेत" अशी ओळ असतेच. बिल आबांच्या नावानं येतं आणि पैसे माझ्या खिशातून जातात. कार्यालयाच्या लेखी मी मात्र तिथे नसतेच.

एक गोष्ट तर बहुतेकांना हद्द बदलल्यावरच कळते. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात नवा उद्योग काढणाऱ्याला ग्रामीण भागात सर्वसाधारण गटासाठी प्रकल्पाच्या २५ टक्के अनुदान मिळतं, शहरी भागात १५ टक्के. महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग अशा विशेष गटांना ग्रामीण भागात ३५ टक्के, शहरी भागात २५ टक्के. ग्रामीण कोणतं आणि शहरी कोणतं, हे पंचायत राजच्या हद्दीवरून ठरतं. एखाद्या मुलीनं वीस लाखांचा प्रकल्प मांडला असेल आणि मंजुरीआधी गाव नगरपंचायत झालं, तर तिच्या वाट्याचे दोन लाख रुपये जातात. गावातला रस्ता तोच, वीज तीच, पाण्याचा टँकरही तोच. बदलला फक्त कार्यालयावरचा फलक. अशा मुलीला कुणी आधी सांगितलं असतं की बाई, अर्ज या महिन्यात टाक, तर एवढ्यानंही तिचं नुकसान टळलं असतं.

कायद्यात ऐकून घेण्याची सोय नाही असं नाही. १९६५ च्या त्याच नगरपरिषद अधिनियमात लिहिलंय की हद्द ठरवण्याआधी सरकारनं आपला इरादा राजपत्रात आणि त्या भागातल्या वर्तमानपत्रात जाहीर करावा, आणि ज्यांची हरकत असेल त्यांनी ती कारणांसह लेखी द्यावी. मुदत ३० दिवसांची. हरकत घेणारा मतदारच असला पाहिजे अशी अट त्यात नाही. कोणीही व्यक्ती. भाडेकरू, परगावचा व्यापारी, ट्रक उभे करणारा ट्रान्सपोर्टवाला, सगळे त्यात बसतात. मला हे कळलं तेव्हा मुदत उलटून गेली होती. ती जाहिरात आली कुठे, चिकटली कुठे, आजही सांगता येणार नाही. चावडीवर लागली असेल तर तिथे शेतकरी जातात, घरमालक जातात. सकाळी शटर उघडून रात्री ओढणारा माणूस चावडीवर कधी जाणार?

दुसरं म्हणजे ग्रामसभा. गावात वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा पोरांनाही पाठ असतात. तिथे धंदेवाल्याला उठून सांगता येतं की माझ्या शेडसमोरचं गटार तुंबलंय, डीपी बदला. मतदार नसला तरी मागे उभं राहून बोलला तर गाव ऐकतं. मी स्वतः कन्हेरीत अशी बोलले आहे आणि काम झालंही आहे. नगरपंचायत झाली की ग्रामसभा संपते. प्रभागातला नगरसेवक हाच आपला आवाज, आणि नगरसेवकाला मत देणारा तो प्रभागात राहणारा. राहायला कन्हेरीत आणि गाळा दुसरीकडे, अशा माणसाचा नगरसेवक कोण?

त्यातून नगरसेवकही नसतील तर? पुणे जिल्ह्यातल्या बहुतेक नगरपरिषदांची मुदत २०२१ च्या अखेरीस आणि २०२२ च्या सुरुवातीला संपली. ओबीसी आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात होता. ६ मे २०२५ रोजी न्यायालयानं निवडणुका घ्या म्हणून आदेश दिला आणि नगरपरिषदांचं मतदान डिसेंबर २०२५ मध्ये झालं. मधली जवळपास चार वर्षं महाराष्ट्रातली बहुसंख्य शहरं प्रशासकांनी चालवली. त्या चार वर्षांत कर आकारण्या झाल्या, विकास आराखडे झाले, हद्दींचे प्रस्ताव फिरले. प्रशासक मेहनती असू शकतो, प्रामाणिक असू शकतो, पण त्याच्याकडे जायला वाट लागते. मोठ्या कंपनीचा अधिकारी केबिनमध्ये बसून बोलून येतो. खोकी बनवणारी बाई बाहेरच्या बाकावर असते. म्हणून मी जेव्हा धंदेवाल्यांचं ऐका म्हणते तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे पियाजिओ किंवा फेरेरो नाही. बारामती एमआयडीसीतल्या त्या मोठ्या कारखान्यांना त्यांचं म्हणणं मांडायला माणसं आहेत. मी बोलते ती गिरणीवाल्याबद्दल, वेल्डिंगच्या शेडबद्दल, खताच्या दुकानाबद्दल, हायवेकडेच्या पंक्चरवाल्याबद्दल.

वेळेवर ऐकलं नाही तर काय होतं, हे पुण्यानं दाखवून दिलं आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ गावं पुणे महापालिकेत गेली, जून २०२१ च्या शेवटी आणखी २३. पहिल्या अकरांत फुरसुंगी आणि उरुळी देवाची होती. या दोन गावांनी शहराचा कचरा वर्षानुवर्षं सोसला. तिथे मंतरवाडीची गोदामं आहेत, सासवड रस्त्यावर कापडाची दुकानं आहेत. महापालिकांच्या कायद्यात नव्या गावांसाठी सवलतीचा टप्पा आहे. पहिल्या वर्षी ग्रामपंचायतीचाच दर, मग दरवर्षी २० टक्क्यांच्या टप्प्यानं महापालिकेच्या दरापर्यंत. तरीही गोदामांची आणि दुकानांची बिलं पूर्वीच्या कितीतरी पट झाली. रस्ते आणि पाणी मात्र त्या वेगानं आलं नाही. आंदोलनं झाली, बंद झाले. शेवटी डिसेंबर २०२२ मध्ये मुख्यमंत्र्यांनी ही दोन गावं महापालिकेतून काढून त्यांची वेगळी नगरपरिषद करण्याचं जाहीर केलं. अंतिम अधिसूचना निघायला सप्टेंबर २०२४ उजाडला. उरलेल्या गावांच्या करवसुलीलाही २०२४ मध्ये सरकारनं स्थगिती दिली.

म्हणजे २०१७ पासून २०२४ पर्यंत, सात वर्षं, त्या दोन गावांतल्या व्यापाऱ्याला आपण कुणाचे हे धड माहीत नव्हतं. कर भरला तर तो परत मिळेल का, नाही भरला तर शास्ती लागेल का, बांधकामाची परवानगी कुणाकडून घ्यायची, गोदाम वाढवायला बँक कर्ज देईल का. काहींनी प्रामाणिकपणे भरला, काही थांबले, आणि उरलेल्या गावांत तर थांबलेल्यांना स्थगिती मिळाली. भरणाऱ्याला यातून काय शिकवण मिळाली असेल? मला या प्रकरणात सगळ्यात वाईट हे वाटतं. महापालिकेचंही नुकसान झालं. तिनं त्या गावांत घातलेला पैसा आणि केलेली योजना अर्धवट राहिली. २०१७ च्या आधीच व्यापाऱ्यांना समोर बसवून, तुमच्या गोदामाला या दरानं एवढं बिल येईल, त्या बदल्यात या वर्षी हा रस्ता, त्या वर्षी ते पाणी, असं कागदावर मांडलं असतं तर काहींनी विरोध केलाच असता. पण विरोध आधी झाला असता. सात वर्षांनी घर मोडून वेगळं निघण्याची पाळी आली नसती.

व्यापारी ओरडले की सरकार झुकतं, मग तुम्ही कशाला रडता, असंही कुणी म्हणेल. एलबीटीचं उदाहरण देतील. १ एप्रिल २०१३ ला पुण्यात जकातीऐवजी स्थानिक संस्था कर आला, पुण्या-मुंबईत व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवली, आणि १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींपेक्षा कमी उलाढाल असणाऱ्यांना तो माफ झाला. खरं आहे. पण बंद कुणाला परवडतो? मार्केट यार्डातल्या अडत्याला परवडेल, लक्ष्मी रोडवरच्या पेढीला परवडेल. आमच्याकडे शटर बंद म्हणजे त्या दिवशीच्या बायकांची मजुरी बंद, आणि द्राक्ष खोक्यासाठी थांबत नाही. बंद पाडूनच ऐकू जातं अशी पद्धत राहिली तर ती मोठ्यांच्याच सोयीची राहील.

माझं म्हणणं शहर होऊ नये असं नाही. उलट आहे. माझ्या शेडमध्ये कागद आहे, खळीचा स्टार्च आहे, पुठ्ठ्याचा चुरा आहे. उन्हाळ्यात एक ठिणगी पडली तर बंब येईपर्यंत काही उरणार नाही, या भीतीनं मी मार्च-एप्रिलात रात्री नीट झोपत नाही. ग्रामपंचायतीकडे अग्निशमनाची गाडी नसते. भुयारी गटार नसतं, कचऱ्याची घंटागाडी असली तर एखादी. गाव वाढतं, शेजारी शहर वाढतं, आणि जुनी व्यवस्था तोकडी पडते. बारामतीची नगरपालिका १८६५ सालची. तिच्या हद्दीत पुढे जळोची, तांदुळवाडी, रुई ही गावं आली, कारण शहर आणि एमआयडीसी त्या दिशेला पसरली होती. साखर कारखान्याचं माळेगाव बुद्रुक २०२१ मध्ये नगरपंचायत झालं. हे होणारच आहे. संत तुकाराम महाराजांचा पालखी मार्ग राष्ट्रीय महामार्ग झालाय, बारामतीहून काटेवाडी-भवानीनगरमार्गे इंदापूरकडे जाताना दोन्ही बाजूंना गाळे उठताना दिसतात. नगरपंचायतीसाठी किमान दहा हजार लोकसंख्या लागते, कन्हेरी त्या आकड्याच्या जवळ नाही. पण शेजारच्या शहराची हद्द वाढते तेव्हा हा आकडा आड येत नाही. प्रश्न आमच्या दारात आज नसेल, उद्या असू शकतो, आणि उद्या आल्यावर जागं होऊन उपयोग नसतो हे मी दुसऱ्या गावात बघून आले आहे.

मला अग्निशमनाची गाडी हवी आहे आणि तिच्यासाठी जास्त कर द्यायलाही मी तयार आहे. फक्त गाडी कधी येणार ते बिलाबरोबर सांगा.

असं आधी सांगण्या-विचारण्याची सक्ती कायद्यानं करता येते. इंग्लंडमध्ये १९९२ चा एक स्थानिक वित्त कायदा आहे. त्याच्या ६५ व्या कलमानं तिथल्या नगर आणि जिल्हा परिषदांवर एक कर्तव्य घातलंय. वर्षाचा खर्च ठरवण्याआधी धंद्याच्या जागांवर कर भरणाऱ्यांच्या प्रतिनिधींशी सल्लामसलत करायची. त्यांचं ऐकलंच पाहिजे असं बंधन नाही, पण त्यांना विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. लंडनच्या जुन्या सिटी भागात तर कंपन्यांना मतदारही नेमता येतात. ते मला पटत नाही. आपल्याकडे मत माणसाचंच असावं, गल्ल्याचं नको, नाहीतर चार मोठे उद्योग सगळं गाव विकत घेतील. पण ६५ व्या कलमासारखी तरतूद आपल्या १९६५ च्या अधिनियमात घालायला काय हरकत आहे? दरवर्षी अंदाजपत्रकाच्या सभेआधी मुख्याधिकाऱ्यांनी एक दुपार गावातल्या दुकानदारांना, शेडवाल्यांना, भाडेकरूंसकट, बोलवायचं. काय येणार आहे ते सांगायचं, काय हवं ते लिहून घ्यायचं, आणि काय मान्य केलं, काय नाही आणि का नाही, ते फलकावर लावायचं.

आणि हद्द बदलताना तर याहून थोडं जास्त हवं. प्रारूप अधिसूचना निघेल तेव्हा ती त्या भागातल्या प्रत्येक बिगरनिवासी जागेच्या दारात पोचली पाहिजे. ग्रामपंचायतीकडे नमुना ८ ची यादी असतेच, कुठलं शेड कुठे आहे हे शिपायालाही माहीत असतं. त्याबरोबर एक साधा तक्ता हवा की आज तुमचा कर एवढा, नव्या पद्धतीनं अंदाजे एवढा. महापालिकेत सामील होणाऱ्या गावांना वाढीचा टप्पा मिळतो, तो नगरपंचायत होणाऱ्या गावांनाही मिळालाच पाहिजे, आणि तो कायद्याच्या पानावर न राहता बिलावर दिसला पाहिजे. दप्तर हलवण्याच्या काळात जुने उतारे ठरावीक मुदतीपर्यंत चालतील असं जिल्हाधिकाऱ्यांनी बँकांना लेखी कळवावं. एवढं एक पत्र त्या वर्षी असतं तर माझा डिसेंबर वाया गेला नसता. ज्यांनी रोजगार योजनेचा अर्ज आधीच टाकला आहे त्यांचं अनुदान अर्जाच्या तारखेच्या हद्दीवरून धरावं. यातल्या एकाही गोष्टीला फार पैसा लागत नाही. लागतो तो कुणीतरी टेबलावरून उठून गाळ्यापर्यंत येण्याचा त्रास.

आमच्या बाजूनंही काही यायला हवं, ते मी आमच्याच लोकांना स्पष्ट सांगते. शेडचं क्षेत्रफळ कमी दाखवायचं, राहतं घर म्हणून नोंद करून आत मशीन चालवायचं, गाळ्याच्या पुढे फुटपाथवर माल मांडायचा, आणि मग सुविधा नाहीत म्हणून कर थकवायचा, हे चालणार नाही. सुनावणीत उभं राहायचं तर आपली नोंद खरी पाहिजे. बारामती-इंदापूर पट्ट्यात व्यापारी संघटना आहेत, पण त्यांत पेठेतले दुकानदार असतात. गावोगावचे शेडवाले, विशेषतः घरातून किंवा भाड्याच्या जागेतून काम करणाऱ्या बायका, त्यांत जवळपास नसतात. प्रत्येक गावात आपली साधी यादी केली तरी पुष्कळ होईल. कोण काय बनवतं, किती माणसं कामाला, जागा कुणाच्या नावावर, कर कोण भरतं. असा कागद हातात असला की अधिकाऱ्यालाही तुम्ही दिसता.

तोपर्यंत, ज्यांच्या गावाची अधिसूचना निघाली असेल किंवा निघेल त्यांच्यासाठी एवढं सांगते. मुदत राजपत्रातल्या तारखेपासून मोजली जाते, तुमच्या कानावर आल्यापासून नाही, म्हणून आधी ती तारीख बघा. हरकत साध्या कागदावर, मराठीत चालते, वकील लागत नाही. नुसता विरोध लिहू नका, कारण लिहा: आजचा कर किती, कामाला माणसं किती, बँकेचं कर्ज किती, कोणती सुविधा नाही आणि ती कधीपर्यंत हवी. शहरात जायला तयार असाल तर तसंही लिहा आणि अट घाला. भाडेकरू असाल तर भाडेकराराची प्रत जोडा आणि कर आपण भरतो हे लिहा. सगळ्यांनी मिळून एका कागदावर सह्या करण्यापेक्षा प्रत्येकानं आपला वेगळा अर्ज द्यावा. प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात द्या, दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का मारून घ्या, आणि सुनावणीच्या दिवशी दुकान अर्धा दिवस बंद ठेवावं लागलं तरी चालेल, स्वतः जा.